गच्चीवरच्या गुलाबांचा पंचनामा

रविवारी सकाळी आमच्या जिन्यात तंबाखूच्या काढ्याचा वास भरून राहायचा. उग्र, तपकिरी, घशाच्या तळाशी जाऊन बसणारा. त्याच्यामागून साबणाच्या वडीचा एक भोळा गंध येई, पण त्या कडूपणापुढे तो टिकत नसे. कोपरीतल्या त्या दुमजली घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्या वासाचा माग काढत खाली आले. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात, पांढरा सदरा घातलेले आणि नाकाला रुमाल बांधलेले माझे घरमालक पातेल्यात पळी फिरवत होते.

"काका, काय शिजतंय?"

"मृत्युदंड," ते म्हणाले. "नऊ नंबरवर मावा पडलाय. तुम्ही काल कुठे गेला होतात?"

मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसून रस शोषणारी बारीक हिरवी कीड, हे मला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळले, की माझ्या शनिवारची चौकशी सुरू झाली आहे. मी एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या बाल्कनीत कुंड्या होत्या का? होत्या. मी त्यांच्याजवळ उभी राहिले होते का? असेन. त्यांनी पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटली आणि माझ्या ओढणीकडे असे पाहिले, की मी ती नकळत हाताने झटकली. "इथे नको," ते म्हणाले, "रस्त्यावर."

ठाण्याच्या न्यायालयात त्यांनी बेलिफ म्हणून आयुष्य काढले होते. लोकांच्या दारात उभे राहून त्यांच्या कपाटांची, खुर्च्यांची, शिलाई यंत्रांची यादी करायची, दोन पंचांसमक्ष पंचनामा लिहायचा, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि वस्तूंवर जप्तीची चिठ्ठी लावायची, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर एकतीस गुलाब लावले; कामाची रीत मात्र बदलली नाही. पान पिवळे पडले की पंचनामा. कळी वाकडी उमलली की पंचनामा. समास सोडलेल्या लांब कागदावर, निळ्या शाईत ते लिहीत: "समक्ष पाहिले असता रोप क्रमांक चौदा याच्या खालच्या सहा पानांवर काळे, कडा विस्कटलेले गोल ठिपके आढळून आले. ठिपक्यांभोवती पिवळे कडे. सदर पाने पंचांसमक्ष तोडून लखोट्यात बंद केली." लखोट्यावर मेणबत्तीचे दोन थेंब पडत, ती मोहर. मग तो मजकूर खर्जातल्या आवाजात वाचून दाखवला जाई, आणि आम्ही सह्या करत असू. पंच क्रमांक एक मी. पंच क्रमांक दोन सुजाताताई.

सुजाताताई दिव्याहून येत. काकांच्या आणि माझ्या घरची धुणीभांडी, गच्चीची झाडलोट, शिवाय त्याच गल्लीतली आणखी तीन घरे, अशी त्यांची सकाळ आखलेली असे. ती तिन्ही घरे काकांच्याच शब्दावर मिळालेली. सुजाताताईंचे अक्षर वाटोळे आणि टपोरे होते. सही करण्याआधी त्या ओले हात पदराला पुसत आणि कागद डोळ्यांपासून थोडा लांब धरत.

"काका, तिकडे भांडी वाट बघतायत माझी. काळ्या ठिपक्यांपायी मी रोज लेट."

"न्यायाला वेळ लागतो."

"मग माझ्या हाताला पण डाग पडलेत बघा. करा की पंचनामा."

थट्टा काकांना कळत नसे. त्यांनी खरोखरच भिंग काढले, सुजाताताईंचा पंजा उजेडात धरला आणि बोटांच्या बेचक्या पाहिल्या. "हे धुण्याच्या पावडरीचं आहे. फार कडक वापरता तुम्ही." दुसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्यावर रबरी हातमोज्यांचा एक नवा जोड ठेवलेला होता. त्यावरही चिठ्ठी चिकटवलेली होती: "सुजाता यांचे वापराकरिता."

रोपांना नावे द्यायला त्यांचा विरोध होता. मी एकदा त्या शेंदरी गुलाबाला सांजवेळ म्हटले, तर ते म्हणाले, "नाव दिलं की पक्षपात सुरू होतो. तो सतरा नंबर आहे." कवितेवर त्यांचा विशेष राग नव्हता, पण अविश्वास होता. मी महाविद्यालयात कविता शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला एका कुंडीपाशी नेले आणि विचारले, "काय दिसतं?" मी फुलाबद्दल बोलले. पाकळीच्या कडेला उतरलेल्या जांभळ्या सावलीबद्दल, लिंबाच्या सालीसारख्या निसटत्या गंधाबद्दल. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग एक पान हलकेच उलटे केले. मागच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यापेक्षा तलम अशी जाळी होती आणि तिच्यात तांबड्या धुळीचे कण चालत होते.

"लाल कोळी. आरोपी पानाच्या खाली असतो, मॅडम. फुलावर लिहिणारी माणसं पान उलटं करत नाहीत."

मला राग आला होता. पण त्या रात्री मी झोपण्यापूर्वी उशी उलटी करून पाहिली, हेही खरे.

त्यांच्या संशयाला स्वतःची एक शिस्त होती. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली, की ते मुंग्यांना हात लावत नसत. रांगेच्या मागोमाग नजर वर नेत. "वर कुणीतरी गोड लाच देतंय," असे पुटपुटत, आणि शेंड्यापाशी मावा किंवा कापसाच्या बोळ्यासारखा पिठ्या ढेकूण हमखास सापडे. हे किडे आपल्या अंगातून गोड चिकटा सोडतात आणि मुंग्या त्याच्या बदल्यात त्यांची राखण करतात. ठिपक्याठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर मात्र ते कुजबुजत, "हलू नका. आपला खबऱ्या आहे." तो मावा खातो. कळी पांढऱ्या कागदावर झटकायची, कागदावर पिवळसर रेघोट्या पळू लागल्या की फुलकिडे. फांदी वरून काळी पडत खाली येऊ लागली, की जिवंत हिरव्या भागात बोटभर शिरून तिरका छेद घ्यायचा आणि जखमेला मोरचूद-चुन्याचा लेप लावायचा, प्रत्येक छेदानंतर कात्री जंतुनाशकात बुडवायची, "कारण हत्यारावर विश्वास ठेवायचा नसतो." कल्याणच्या नर्सरीतून आणलेले प्रत्येक नवे रोप तीन आठवडे पाण्याच्या टाकीमागे एकटे राही. त्या जागेला ते कोठडी म्हणत.

माणसांनाही कोठडी होती. महाविद्यालयात माझा सत्कार झाला त्या दिवशी मी पुष्पगुच्छ घेऊन रिक्षातून उतरले, तर ते फाटकातच उभे. त्यांनी चिमट्याने तो गुच्छ माझ्या हातातून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली. "अभिनंदन," ते म्हणाले. "कुठल्या बागेतली फुलं आहेत काही कल्पना आहे का?"

आणि ती पिवळी साडी. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला निघताना मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. गच्चीवर एरंडेल तेल फासलेले पिवळे पुठ्ठे टांगलेले होते. पिवळ्या रंगाकडे पंखवाला मावा आणि पांढरी माशी ओढली जाते आणि चिकटून बसते. माझ्या पदरावर तीनचार कीटक येऊन बसलेले पाहताच काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा मी त्यांच्या चेहऱ्यावर नंतर कधीच पाहिला नाही.

"तशाच उभ्या राहा. जरा दोन ओळींच्या मध्ये या. हां. हलू नका."

पाऊण तास मी जरीच्या काठांसह सापळा होऊन उभी होते. सुजाताताई केरसुणी हातात धरून हसत होत्या. "ताई, हळदीकुंकू इथंच मागवू का?"

काकांच्या पत्नी डोंबिवलीला लेकीकडे राहत. भांडण नव्हते, फोन रोज होत. क्वचित त्या कोपरीला येत तेव्हा फाटकात त्यांची पर्ससुद्धा झटकली जाई. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितले, "अगं, लग्नात माझ्या वेणीतली फुलं तपासली होती यांनी. भटजी थांबलेले, सगळा मांडव थांबलेला." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "सापडला होता एक किडा," त्या म्हणाल्या.

हे सारे मी हसून सांगते आहे, पण त्या घरात राहताना माझ्याही मनाच्या मागच्या बाजूला काहीतरी चालू लागले होते. कुणी गोड बोलले की मी वर, शेंड्याकडे पाहू लागले होते.

मग काकांचा मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेसाठी ते दोन आठवडे डोंबिवलीला जाणार ठरले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एकतीसच्या एकतीस रोपांवर निंबोळी तेल फवारले आणि मला एक लेखी सूचनापत्र दिले. पाणी सकाळी, फक्त बुंध्याशी. पानावर थेंब पडता कामा नये. ओल्या पानावर काळे ठिपके रुजतात. गळलेले पान लगेच उचलावे. आणि शेवटची ओळ, खाली रेघ ओढून: कोणतेही औषध देऊ नये.

सुजाताताईंनी त्या पंधरवड्यात दोन दिवसांची सुट्टी मागितली होती. ती नाकारली गेली. गच्ची बेवारस राहता कामा नये. "माझ्या भावाची पोर बघायला येतायत, आणि हे म्हणतात गुलाब," त्या मला म्हणाल्या, आणि धुण्याची बादली जरा जोरात आदळली. एवढेच.

थंडी अचानक वाढली. पहाटेच्या धुक्यात गच्ची शेवाळासारखी गार लागे. काका जाऊन चार दिवस झाले असतील, तेव्हा कोवळ्या पानांवर मला पीठ भुरभुरावे तसा पांढरा थर दिसला. भुरी. कळ्यांच्या मानाही पांढऱ्या पडू लागल्या होत्या. भुरीवर काका काय करतात हे मी पाहिले होते: गंधकाची पिवळी भुकटी, तलम फडक्यात बांधून, पहाटे हलकेच झटकायची. डबा जिन्याखालच्या कपाटात होता. फोन केला असता तर त्यांनी नाही म्हटले असते, म्हणून मी फोन केला नाही. त्या सकाळी गंधकाचा तो जुनाट, आगपेटीसारखा वास माझ्या बोटांना लागला, आणि मला खरोखर वाटले, की आपण काहीतरी वाचवतो आहोत.

दोनतीन दिवसांत पाने कडेने भाजू लागली. आधी तपकिरी काठ, मग ते काठ आत आत सरकत गेले. हातात घेतले तर पापडासारखे मोडत. सतरा नंबर जवळजवळ बोडका झाला. मी घाबरले. उरलेल्या पानांवरची भुकटी ओल्या फडक्याने पुसून काढली. पूजेतली भांडी पुसावीत इतक्या हळुवारपणे मी पुरावा पुसत होते, हे तेव्हा मी स्वतःला सांगितले नाही.

काका काळा चष्मा लावून परतले. गच्चीच्या दारात ते बराच वेळ उभे राहिले. मग वाकले, आणि कुंड्यांच्या मधल्या फरशीवर बोट फिरवले. फरशीवर धुण्याच्या पावडरीचे पांढरे ओघळ वाळलेले होते. सुजाताताईंनी आदल्या दिवशी गच्ची घासून धुतली होती, काका येणार म्हणून.

त्यांनी मला काहीही विचारले नाही. मला विचारतील म्हणून मी उत्तर घोळवत होते, आणि प्रश्न आलाच नाही. मला सुटल्यासारखे वाटले. ती सुटका मला अजून आठवते, अंगावरून कोमट पाणी ओतावे तशी.

पंचनामा दुसऱ्या सकाळी झाला. पंच क्रमांक दोन या वेळी सुजाताताई नव्हत्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बोलावले होते. "काका, साइन करतो, पण कोर्टात नाय येणार हां आपण," तो म्हणाला. काकांच्या डोळ्यांतून औषधाचे पाणी ओघळत होते. अक्षर मोठे, वाकडेतिकडे पडले होते. "आज मला वाचून दाखवता येणार नाही. आपापलं वाचून घ्या," ते म्हणाले. माझे पहिले व्याख्यान साडेसातला होते. पहिल्या दोन ओळी मी पाहिल्या: पाने, कडा, तपकिरी रंग. सारे खरे होते. मी सही केली.

त्या दिवसापासून सुजाताताईंना फाटकाच्या आत घेतले नाही. आठवडा संपण्याआधी गल्लीतल्या तिन्ही घरांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगितले. ज्या शब्दावर काम मिळाले होते, तोच शब्द आता उलटा फिरला होता. त्यांचा मला फोन आला.

"ताई, मी काय केलंय ते तरी सांगा. पावडरनं धुतलेली गच्ची, पण कुंडीत एक थेंब गेलेला नाही. ते म्हातारे, त्यांना कोण समजावणार? तुम्ही बोला ना. तुम्ही तर मला ओळखता. पाचही घरं गेली माझी."

"बघते," मी म्हणाले.

बघते. मी फार बघितले नाही. फक्त त्या रविवारी, मनाला स्वस्थता नव्हती म्हणून, सतरा नंबरच्या जोडीचे एक रोप आणायला कल्याणच्या नर्सरीत गेले. भाजलेले एक पान पुस्तकात घालून नेले होते. नर्सरीवाल्या बाईंनी ते उन्हात धरले.

"रोग नाय हा. साबणाचं पण नाय. औषधानं भाजलंय. तेल मारलेलं का आधी?"

"निंबोळी तेल."

"आणि त्यावर गंधक?"

मी ते पान परत घेऊन पुस्तकात ठेवले. "तेलानंतर दोनतीन आठवडे गंधकाला हात नाय लावायचा," त्या म्हणाल्या. "भारी भारी लोक चुकतात." त्यांना माझे समाधान करायचे होते.

मी परतले आणि थेट तळमजल्याचे दार वाजवले. सगळे सांगितले. भुकटी, फडके, पुसलेली पाने. काका ओरडले नाहीत. त्यांनी समास सोडलेला कागद घेतला आणि माझा जबाब लिहून घेतला: कोणता दिवस, किती वाजता, किती चिमटी. मग उठून कपाटातून गंधकाचा डबा आणला. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक बारीक रेघ होती. प्रत्येक डब्याला अशी रेघ असते, ते म्हणाले. किती उरले ते कळावे म्हणून. भुकटी रेघेच्या बरीच खाली होती.

"उघडून पाहिला असता तर त्याच दिवशी कळलं असतं."

"मग का नाही पाहिलात?"

त्यांनी चष्मा काढला. शस्त्रक्रिया झालेला डोळा लाल आणि उघडावाघडा दिसत होता. "पाहावंसं वाटलं नाही. कपाटाची जागा फक्त तुम्हाला ठाऊक. आणि तुम्ही... प्राध्यापक." डब्याचे झाकण लावताना ते स्वतःशीच म्हणाले, "वेणी तपासली मी. बायकोची पर्स तपासली. हे नाही तपासलं."

ज्या माणसाने मुंग्यांच्या मागून वर पाहायला मला शिकवले, त्याची नजर ऐन वेळी खाली गेली होती, फरशीवर, बादलीकडे. आणि ती तिकडे जाते आहे हे दिसत असताना मी ती वळवली नव्हती.

त्यांनी दुसरा कागद लिहिला. पूर्वीचा पंचनामा चुकीचा आहे, नुकसानीस सुजाता जबाबदार नाहीत, दोष माझा, असे त्यात स्पष्ट होते. "माझा" म्हणजे त्यांचा. गल्लीतल्या तिन्ही घरी ते काळा चष्मा लावून स्वतः गेले आणि तो कागद दारात उभे राहून मोठ्याने वाचून आले. मग त्यांनी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स नकला एका लखोट्यात घातल्या आणि लखोटा माझ्या हातात दिला.

"दिव्याला जा. हा पक्षकाराला द्यायचा."

"फक्त दुसरा कागद दिला तर?"

"अर्धी फाईल कुणाला देत नाहीत, मॅडम."

रिक्षाने दिव्याच्या पुलापाशी सोडले. सुजाताताईंची खोली इमारतींच्या दाटीत तिसऱ्या मजल्यावर होती; दाराशी पाण्याची निळी पिंपे ओळीने उभी होती आणि त्यांतली दोन रिकामी, आडवी पडलेली होती. मला पाहताच त्या उठल्या. पलंगावरची घडी न घातलेली चादर बाजूला सारली, पिंपात तळापर्यंत वाकून तांब्या भरला आणि काठोकाठ भरलेला पेला माझ्यासमोर धरला. "उन्हाचं कशाला आलात ताई. फोन करायचा."

मी सगळे सांगितले. बोलताना मला माझाच आवाज व्याख्यानासारखा ऐकू येत होता, म्हणून मध्येच थांबून पुन्हा साधे सांगितले. गंधक मी टाकले. पाने मी जाळली. काका सगळ्यांकडे जाऊन आले आहेत, सगळी घरे तुम्हाला परत बोलावत आहेत. सुजाताताईंनी मान हलवली. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे झाले. "मला वाटलेलंच, तुम्ही बोलणार त्यांच्याशी," त्या म्हणाल्या, आणि लखोटा उघडला.

पहिला कागद त्यांनी खिडकीपाशी नेला, डोळ्यांपासून थोडा लांब धरला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागल्या. ओठ हलत होते. पाने, कडा, तपकिरी रंग. बोट खाली सरकत गेले, मी कधीच पोचले नव्हते त्या ओळींपर्यंत. शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, कोऱ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून: सदर नुकसान सफाई करणाऱ्या सुजाता यांनी सुट्टी नाकारल्याच्या रागातून जाणूनबुजून केले आहे, असे पंचांचे मत आहे.

त्याखाली माझी सही होती. पंच क्रमांक एक.

बोट त्या सहीवर थांबले. खालून कुणीतरी टँकर आल्याची हाक दिली. जिन्यावर हंड्यांचा, पायांचा आवाज उसळला. सुजाताताई हलल्या नाहीत. माझ्या हातातला पेला तसाच भरलेला होता. त्यांनी कागदावरून नजर उचलली, माझ्याकडे पाहिले, आणि अगदी हळू आवाजात विचारले,

"वाचलेलं?"